मोज, शालिक

गुंगीची गोळी घेऊन पंधरा मिनिटं होतात तेव्हा शालिकच्या पापण्यांवर ओझं येऊ लागतं. निळ्या पडद्याआड अरुंद खाट आहे. तो खाटेवर आडवा पडलाय आणि उशाशी स्टुलावर त्याची बायको पुष्पकला बसली आहे. त्याचं घड्याळ, अंगठी आणि करदोट्याची चांदीची कडी तिनं रुमालात बांधून मांडीवर ठेवली आहेत, कारण आतल्या एमआरआयच्या यंत्राला धातू चालत नाही. दुपारचे अडीच वाजलेत. पडद्यापलीकडे कुणाचा तरी नंबर पुकारतात, तो त्याचा नाही.

"एकदम झोपू नका म्हणते ती स्कॅनवाली पोरगी," पुष्पकला म्हणते. "नुसतं अंग सैल सोडा म्हणते."

तो मान हलवतो, निदान आपण हलवली असं त्याला वाटतं.

या यंत्रासाठी वणीहून नागपूरला यायची ही तिसरी खेप आहे. पहिल्या वेळी नळीत डोकं गेल्यावर मिनिटभरात त्यानं हातातला रबरी फुगा दाबला आणि त्याला बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या वेळी तर तो फळीवर पडलाच नाही, दारातूनच परत फिरला आणि जिना उतरून रस्त्यावर येऊन उभा राहिला. मणक्यातली नस कशानं दबली आहे ते दिसल्याशिवाय डॉक्टर चाकू लावायला तयार नाहीत. आणि असंच राहू दिलं तर एक दिवस पाय उचलणार नाहीत, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी वणीकडच्या एका कोळशाच्या खाणीत छत बसलं आणि दोन माणसं आत अडकली. एक शालिक बोढे, तेव्हा एकेचाळीस वर्षांचा. दुसरे दौलत खोब्रागडे, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, छताला लाकडी टेकू लावणाऱ्यांतले सगळ्यांत जुने. ते दर रविवारी वस्तीतल्या विहारात लोकांना ध्यानाला बसवायचे आणि पाळीवर मात्र त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. त्या दिवशी दोघांच्या मध्ये दगडांचा ढीग पडला. एकमेकांना दिसत नव्हतं, हात पोचत नव्हता, नुसता आवाज यायचा. शालिक ओरडून ओरडून बेजार झाला तेव्हा पलीकडून दौलतभाऊंनी त्याला श्वास मोजायला लावलं. आत घेतला, बाहेर सोडला की एक. दहा झाले की पुन्हा एकपासून. चौदा तासांनी माणसं पोचली. शालिक जिवंत निघाला, दौलतभाऊ नाही.

तेव्हापासून शालिकनं न्हाणीच्या दाराची कडी लावलेली नाही. आणि श्वास एकदाही मोजलेला नाही.

पडदा हलतो. स्टुलावर दौलतभाऊ बसलेले आहेत, खाली वाकून बुटाची नाडी बांधताहेत. नाडी गाठी मारून मारून आखूड झालीय, म्हणून त्यांना वेळ लागतोय. शालिकला नवल वाटत नाही. पुष्पकला चहाला गेली असेल असं वाटतं.

"पाळी लागली," दौलतभाऊ म्हणतात. "चाल."

"मले आज स्कॅन हाय जी."

"हो ना. तिकडंच जाऊ."

पडद्याबाहेर खाणीचा उतार आहे. भिंतींना दवाखान्याच्या पांढऱ्या फरश्या लावल्यात आणि फरश्यांवरून पाणी ओघळतंय. टोपीवरचे दिवे वाटायच्या खिडकीत ती स्कॅनवाली पोरगी बसली आहे. ती शालिकला विचारते, अंगावर धातू काही आहे का, दात बसवलेले आहेत का, पूर्वी कधी अडकला होता का. तो प्रत्येकाला नाही म्हणतो. ती कागदावर सही घेते आणि दिवा मात्र देत नाही.

ते उतरू लागतात. आधी ताठ चालता येतं. मग मान वाकवावी लागते, मग कंबर, आणि वाकलं की मणक्यातून कळ जाते. दौलतभाऊ पुढे आहेत, त्यांच्या बुटांचा आवाज येतोय. शालिक मागे वळून बघतो तर उतार नाही. जिथून आले तिथे निळा पडदा आहे आणि पडद्यामागे दगड.

"भाऊ, थांबा जी."

बुटांचा आवाज थांबतो. शालिक हातांवर, गुडघ्यांवर येतो, मग पोटावर आणि शेवटी पाठीवर. फळी गार आहे. छत नाकापासून वीतभर वर आहे. हात उचलायला जातो तर कोपर दगडाला लागतं, दुसरं उचलतो तर तेही. कोळशाचा तो ओला, गंजका वास येतो, त्यात स्पिरिटचा वास मिसळलेला. त्याला आता कळतं की ही तीच जागा आहे, आणि हेही कळतं की गेली बावीस वर्षं तो इथून कुठे गेलेलाच नाही. पोरांची लग्नं झाली, नातू झाला, घरावर दुसरा मजला चढला, ते सगळं त्यानं इथूनच पाहिलं.

"शालिक." आवाज ढिगाऱ्यापलीकडून येतो. "हाय का?"

तो उत्तर देत नाही.

"शालिक, मोज."

हेच ते दोन शब्द. त्या दिवशी नवव्या तासाला दौलतभाऊ असेच बोलले होते आणि शालिक असाच गप्प राहिला होता. लोकांना त्यानं सांगितलं, भाऊंचा आवाज थांबला म्हणून मी मोजणं सोडलं. खरं उलट होतं. आधी तो गप्प झाला. हवा थोडी उरली आहे, बोललं तर संपेल, असं त्याच्या मनात आलं होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट आली होती, जी त्यानं पुष्पकलाला सांगितली नाही, दौलतभाऊंच्या बायकोला भेटायला गेला तेव्हा तिला सांगितली नाही, देवापुढेही कधी काढली नाही.

आता तो ती छताकडे बघत बोलतो.

"भाऊ, मी तवा जागा होतो. तुम्ही सात-आठ डाव हाक मारली. मी मुद्दाम बोललो नाही. मले वाटलं, तुम्ही लवकर गेले तर हवा मले पुरंल."

कुठेतरी माती सुटून खाली पडते.

"मले माहीत होतं," दौलतभाऊ म्हणतात.

शालिक मान आवाजाकडे वळवतो.

"तू बोलत नोता, पण श्वास ऐकू येत होता तुहा. आधी लय जोरात. मंग हळूहळू बरोबर चालाले लागला. माह्या फासळ्या मोडल्या होत्या. माहा श्वास मले मोजता येत नोता, लय दुखे. म्हणून मी तुहाच मोजला."

"किती मोजले?"

"दहाच्या पुढं कुठं मोजाचं असते."

शालिक रडतो. पाठीवर पडून रडलं की पाणी कानांत जातं, ते पुसायलाही हात वर येत नाही. मग तो त्यांना विचारतो, तुम्हाला भेव नव्हतं वाटत का. विहारातले लोक म्हणायचे, खोब्रागडेंनी भेव जिंकलं होतं.

"कोणाले सांगतं," दौलतभाऊ म्हणतात. "हागलो होतो मी तवा." त्यांच्या आवाजात हसू आहे, पण ते टिकत नाही. "अजूनही वाटते. आता तुह्या कुठं हाय ते?"

"काय?"

"भेव. अंगात कुठं हाय?"

शालिक शोधतो. सगळीकडे असेल असं त्याला वाटलं होतं. पण पोटऱ्यांत नाही. मांड्या आवळल्यात, तरी तिथे नाही. पोटात थोडं आहे, थरथरतंय. खरं ते गळ्यात आहे, घाटीच्या जरा खाली, बोराएवढं.

"गळ्यात."

"मंग राहू दे तिथंच. हाकलू नको, गिळू नको. तू खाली ये."

"कुठं खाली?"

ढिगाऱ्यातले दगड घासल्याचा आवाज होतो आणि एक हात त्याच्या उजव्या पायाचा घोटा पकडतो. चौदा तासांत जो हात एकदाही पोचला नव्हता, तो. खरबरीत आहे, गरम आहे, आणि पकड इतकी घट्ट की हाडाला लागते.

"इथं ये," दौलतभाऊ म्हणतात.

शालिक मनानं घोट्यापाशी जातो. दुसरी वाट नसते म्हणून जातो. गळ्यातलं बोर गळ्यातच राहतं. तो श्वास घेतो, सोडतो. एक. छत वर सरकत नाही. दोन. तेवढ्यात ठोके पडू लागतात. लोखंडावर लोखंड, लांबून, मग जवळून. ठक, ठक, ठक.

"आले," तो म्हणतो. "माणसं आली, भाऊ. मले काढा बाहेर."

"माणसं नोहे ते. मशीन हाय." पकड ढिली होत नाही. "तू आतच हाय, शालिक."

"मंग तुम्ही तरी चला बाहेर."

"मले कुठं जाता आलं," दौलतभाऊ म्हणतात. "मोज."

शालिक डोळे उघडतो.

पांढरं छत नाकापासून वीतभर वर आहे. दोन्ही कोपरं नळीला लागलेली. कानांवर जाड आवरण आहे, तरी ठोके डोक्यात पडताहेत, आणि ते थांबून आता लांबच लांब घरघर सुरू होते. तो नळीत आहे. इथे तो कसा आला, कुणी आणलं, किती वेळ झाला, काही ठाऊक नाही. सगळं अंग एकदम उसळून वर येतं. डाव्या मुठीत रबरी फुगा आहे. अंगठा त्यावर आहे. दाबला की संपलं, पोरगी येईल, फळी बाहेर सरकेल.

कुठं हाय ते?

गळ्यात. होतं तिथेच. बोराचं आता लिंबू झालंय.

तो अंगठा उचलत नाही आणि दाबतही नाही. पायाकडे जातो. श्वास अर्ध्यात अडकतो, तोही तो मोजतो. एक. दोन. सहापर्यंत पोचतो आणि ठोक्यांचा सूर बदलला की आकडा हातून सुटतो. पुन्हा एक. चारवर सुटतो. पुन्हा एक. घाम पाठीखाली साचून गार झालाय. त्याला भीती वाटते आहे, पहिल्या मिनिटाइतकीच वाटते आहे, आणि तो आत आहे. कधीतरी दहा होतात. मग पुन्हा एक.

फळी सरकते तेव्हा उजेड टोचतो. पोरगी कानांवरचं आवरण काढते आणि म्हणते, झालं काका, पूर्ण झालं, फोटो छान आलेत. तो विचारतो, मी आत कसा गेलो. ती हसते. म्हणते, हाक मारली तसे तुम्ही स्वतःच उठून चालत आलात, सगळ्याला नाही-नाही म्हणालात, सही केलीत आणि आपणहून आडवे झालात. गोळीनं असं होतं कुणाकुणाला.

बाहेरच्या बाकावर पुष्पकला त्याच्यासमोर खाली बसते आणि पायांत मोजे चढवू लागते, कारण त्याला वाकता येत नाही. डावा झाल्यावर उजवा पाय ती हातात घेते आणि थांबते.

"हे कशानं झालं?"

त्याचे पाय हल्ली सुजलेले असतात, दाबलं तिथे खळगा पडून राहतो. उजव्या घोट्यावर बाहेरच्या अंगाला चार लांबट खळगे आहेत आणि आतल्या अंगाला एक, खोल. शालिक म्हणतो, पोरीला विचार. पुष्पकला उठून विचारून येते. पायाला कुणी हात लावला नाही म्हणते, पट्टा नुसता छातीला होता.

ती पुन्हा खाली बसते आणि आपली बोटं त्या खळग्यांत ठेवून बघते. तिची बोटं आखूड पडतात. एक ठेवलं की शेजारचा खळगा तसाच उघडा राहतो. ती वर बघते. त्याचा चेहरा पाहते आणि मोजा उचलते.

"थांब जरा," शालिक म्हणतो. "सावकाश घाल. मले काही सांगाचं हाय तुले, दौलतभाऊंचं."

पुष्पकला मोजा मांडीवर ठेवते. तो पाय तसाच पुढे धरून राहतो. खळगे भरत यायला वेळ आहे.