कातळावर जटा वाळवताना

सावर्ड्याला गाडी चहासाठी थांबली. शेजारच्या सीटवरच्या आजी खाली उतरून वडापाव घेऊन आल्या आणि बसण्याआधी त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दचकून पाय वर घेतले.

"कुठल्या देवीची हो?" माझ्या डोक्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या जटा कुठल्याच देवीच्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने तीन दिवस माझ्या पाठीमागे बसून, क्रोशाच्या सुईने एकेक बट गुंतवून त्या करून दिल्या. शहरात त्यांना ड्रेडलॉक्स म्हणतात. पण हातात वडापाव आणि डोळ्यांत भक्ती घेऊन उभ्या असलेल्या बाईंना हे कसं सांगणार? मी काहीतरी पुटपुटले आणि पिशवीतला स्कार्फ काढून डोक्याला गच्च गुंडाळला. पुढचे चार दिवस तो फक्त पोहताना आणि न्हाताना सुटला.

मी पुण्यात पोहायला शिकवते. रोजचे चार-पाच तास पाण्यात जातात. समुद्रात पोहण्याचा सराव करायला आठ दिवस रत्नागिरीला निघाले होते खरी, पण मन थाऱ्यावर नव्हतं. गेले दोन महिने जटांना वास यायला लागला होता, पावसाळ्यात न वाळलेल्या सतरंजीसारखा. केसांचं काम करणाऱ्या मैत्रिणीने एका जटेत सुई घालून नाक मुरडलं. "आतून बुरशी धरलीय. परत येईपर्यंत वास गेला नाही तर सगळ्या उतरवायच्या," तिने बजावलं. बहीण आता परदेशात असते. तिच्या हाताच्या त्या गाठी कापायच्या म्हटलं की मला रडू यायचं.

जटा धुवायला व्हिनेगर बरं, असं कुठेतरी वाचून मी बाटली घेतली होती. घाटातल्या वळणांनी तिचं झाकण उघडलं आणि रत्नागिरीत मांडवीला पोचेपर्यंत माझ्या सगळ्या कपड्यांना लोणच्याचा वास लागला. बाटलीत थेंब उरला नव्हता. ज्यांच्या घरी उतरले त्या वहिनी मात्र फार मायाळू. त्यांनी आल्या आल्या बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली, आणि जेवता जेवता मला फळीवर आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली दिसली. आंबट ते आंबट, अशा हिशेबाने दुसऱ्या दिवशी पोहून आल्यावर मी वहिनींना विचारून वाटीभर आगळ घेतलं आणि न्हाणीघरात जाऊन डोक्यावर ओतलं.

आगळात मीठ असतं हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मान गुलाबी झाली, जटा चिकट झाल्या आणि माश्यांना माझा पत्ता लागला. वहिनी दारात उभ्या राहून पोट धरधरून हसल्या.

"अगो, मला वाटलं प्यायला नेतेस! डोक्याची सोलकढी केलीस की!"

तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले. बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता आणि लिलावाच्या आरडाओरड्यात आम्हा दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्याचा वास कुणालाही येणं शक्य नाही अशी रत्नागिरीतली ती एकच जागा, म्हणून मी तिथे उगाच तासभर रेंगाळले.

चौथ्या दिवशी भाट्याच्या बाजूला पोहायला गेले. बाहेर आले तेव्हा सुकती (ओहोटी) लागली होती. खाडीच्या कडेकडेने चालताना कातळावर एक बाई उताणी पडलेली दिसली. साठीच्या आसपासची, अंगावर ओलं लुगडं, शेजारी शिंपल्यांनी भरलेली टोपली. चक्कर आली की काय, म्हणून मी धावत गेले.

"काकी, बरं वाटत नाही का?"

"बरी हाय गो," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "केस सुकवतंय."

मग मला दिसली. त्यांच्या डोक्यापासून निघून कातळावर लांब पसरलेली, मनगटाएवढी जाड जट. मी तिथेच फतकल मारून बसले. पाण्यात काम करणारी आणि जटा असलेली दुसरी बाई इतक्या वर्षांत मी कधी पाहिली नव्हती.

त्या इंदूकाकी. रोज सुकतीला खाडीत उतरून मुळे (शिंपले) काढायचे आणि बाजारात विकायचे, हा त्यांचा उद्योग. धाकट्याच्या बाळंतपणानंतर त्या आजारी पडल्या आणि दोन महिने केसांना फणी लागली नाही. "गुतले ते गुतले. सासू म्हणाली, देवी आली, पाणी लावायचा नाय." काकी हसल्या. "खाडीत गळ्याइतक्या पाण्यात जाणाऱ्या बाईनं काय करायचं सांग?"

त्यांनी स्वतःच मार्ग काढला होता. खाडीतून आलं की आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने खारेपणा काढायचा. पिळायचं नाही, मुळापासून टोकापर्यंत दाबत पाणी उतरवायचं. मग जट तापलेल्या कातळावर पसरायची आणि अधूनमधून गालाला लावून बघायची. गार लागली म्हणजे आत अजून ओल आहे.

माझा स्कार्फ त्यांनीच सोडला. एक जट स्वतःच्या गालाला लावली, मग नाकाला.

"कुबट मारतेय. ह्यो फडका कशाला बांधलास?"

"लोक विचारतात, काकी."

"मग इचारू देत. ओलं बांधून ठेवलंस तर कुजणारच ना गो!"

मला माझीच लाज वाटली. पुण्यातही मी हेच करत होते: तलावातून बाहेर पडलं की टोपी, घरी गेलं की अंबाडा. जटा मी हौसेने करून घेतल्या आणि ओल्या असताना कुणी बघू नये म्हणून झाकत राहिले.

पुढचे चार दिवस पोहून झालं की मी कातळावर, काकींच्या शेजारी. मैत्रिणीने सुई घातलेली ती जट मात्र आतून काळी पडली होती. मी काकींना सुरी मागितली. त्यांनी सुरी दिली, पण लगेच चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. "मी नाय हात लावणार. तूच काप." मी कापली, आणि खरंच रडले. काकी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या, मला काही होतंय का ते.

"काय नाय झालं," शेवटी त्या म्हणाल्या.

"माझी देवीची नाहीच, काकी."

"मग कशाला ठेवलीस?"

"आवडतात म्हणून."

"आवडतात म्हणून!" त्या खदखदून हसल्या आणि मग स्वतःची जट हातात घेऊन बघत बसल्या.

आठव्या दिवशी निघण्याआधी त्यांनी माझ्या एकेक करून सगळ्या जटा गालाला लावून पाहिल्या. एकही गार नव्हती. वासही गेला होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. मग कातळावर आडव्या होत त्या म्हणाल्या, "इतक्या वर्सांत मला कुणी इचारलं नाय, तुला आवडते काय म्हणून."

"मग? आवडते?"

त्यांनी डोळे मिटले. वर काठावरच्या त्यांच्या खोपटातून सून कुणावर तरी ओरडत होती, पण काकींना कुणी हाक मारत नव्हतं.

"जड हाय गो. मान दुखते," त्या म्हणाल्या. "पण सुकवायला आवडतं. देवीची जट सुकत असली म्हणजे तेवढा येळ कोण हाक मारत नाय."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले, केस मोकळे सोडून. सावर्ड्याला कुणी पाया पडलं नाही. एका बाईने फक्त हात लावून पाहू का, असं विचारलं आणि मी मान पुढे केली. पुण्यात मैत्रिणीने सुई घातली, वास घेतला आणि कात्री परत खणात ठेवली.

आता तलावावरून आले की मी गच्चीवर जाते आणि फरशीवर जटा पसरून आडवी होते. खाली फोन वाजतो. आई हाक मारते. "केस वाळवतेय," असं मी वरूनच ओरडते, आणि माझ्या जटांमागे कुठल्याच देवीचा धाक नसल्यामुळे आई पुन्हा हाक मारते. तेव्हा मला भाट्याच्या कातळावर डोळे मिटून पडलेल्या काकी आठवतात. मी जट गालाला लावते, आणि ती कोरडी असली तरी आणखी थोडा वेळ पडून राहते.