पाहुणीकडे पाठ करून

बाबांचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या वसतिगृहात जेवणाच्या रांगेत उभी होते. "आक्का गेली गो," एवढंच ते बोलले. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "तू निघ लगेच. आणि ऐक... ती कुत्री दारात बसलेय, कुणाला आत सोडत नाय. ऐकलं तर तुझंच ऐकंल." आक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. रोह्याला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायची आणि शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. त्या दिवशीही शाळेतून आली, हातपाय धुऊन आडवी झाली, ती उठली नाही. कधी न भुंकणारी कुत्री भुंकायला लागली, म्हणून शेजारच्या काकी बघायला आल्या. या गोष्टीला आता सात आठवडे होतील.

असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं दाखवावं असंही घरात कोणी नाही. आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं, आईबाबा मिठागरावर कामाला. दहावीनंतर पेणचं कॉलेज जवळ होतं, पण घरी राहिले असते तर मिठाला हात लावावाच लागला असता. आत्या येऊन बाबांना म्हणाली, "पोरगी माझ्याकडं दे. दोन वर्षं तिला फक्त पुस्तक धरू दे." आत्याचे यजमान जाऊन पंधरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं आम्ही दोघी त्या घरात राहिलो. बारावी झाल्यावर मला पनवेलला प्रवेश आणि वसतिगृह दोन्ही मिळालं, आणि तेव्हापासून एक गोष्ट मला डाचत राहिली... तिने मला दोन वर्षं सांभाळलं आणि मी तिला एकटी टाकून चालले. ती तसं कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

कुत्री आणायची कल्पना माझी. माझ्या मैत्रिणीचा भाऊ, दीपकदादा, पेणला जखमी कुत्री उचलून आणतो, बरी करतो आणि कुणी नेणारं असेल तर देतो. ही तांबूस कुत्री त्याला वडखळ नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला सापडली होती, मागचा एक पाय मोडलेला. पाय जुळला, सगळी इंजेक्शनं झाली, पण माणूस जवळ आलं की ती अंग चोरायची. दीपकदादाने स्पष्ट सांगितलं, "पंधरा दिवस बघा. नाय रुळली, नाय खाल्लं, तर मी परत घेऊन जाईन. उपाशी मरायला ठेवू नका." पंधराव्या दिवशीच मला वसतिगृहात हजर व्हायचं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, कुत्री राहिली तर जायचं, परत गेली तर नाही जायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

टेम्पो दारात आला तेव्हा आत्या निरांजन लावून तयार होती. कुणीही पहिल्यांदा घरात आलं की आमच्याकडे भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मग औक्षण करून आत घ्यायचं. नवी सून असो, बाळंतीण असो... आत्याच्या हिशेबी कुत्री काय वेगळी? मलाही त्यात काही चूक वाटली नाही, उलट छान वाटलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पायांवर पाणी पडताच कुत्री थरथरली, आणि निरांजनाचं तबक तोंडासमोर आलं तशी ती उसळली. अंधारात अंगावर येणारे गाडीचे दिवे तिने पाहिले असतील, हे मला फार उशिरा सुचलं. तबक उडालं, तेल सांडलं, कुत्री आत पळून लाकडी पलंगाखाली भिंतीला चिकटली. आत्या "असूं दे, असूं दे" म्हणत वाकली, हात आत घातला, आणि मनगटाच्या वर दोन दात रुतले. सरकारी दवाखान्यात सुया घेताना ती डॉक्टरांना सांगत होती, "तिची चूक नाय हो. माझीच ओवाळणी जास्त झाली."

पुढचे दोन दिवस आग्रहाचे. ज्या बाईचं आयुष्य दुसऱ्यांना जेवू घालण्यात गेलं, तिच्या घरात कुणी तोंड फिरवून बसावं, हे तिला सोसत नव्हतं. दूधभात झाला, सुकट झाली, अंडं झालं. गल्लीतल्या प्रत्येक घरातून काहीतरी आलं आणि ते आणणारी प्रत्येक जण पलंगाखाली डोकावून "खा गो बाय, खा" म्हणून गेली. काकी म्हणाल्या, "माझा जावई आला तेव्हा एवढी ताटं मांडली नव्हती गो आम्ही!" आत्या म्हणाली, "तुझा जावई न सांगता खातो, त्याचं काय." सगळ्या हसल्या. नाव काय ठेवलंस, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पाहुणीला नाव आपण नसतं द्यायचं. राहिली तर बघू." तेच नाव पडलं, पाहुणी. पण पाहुणीने पाण्याशिवाय कशालाही तोंड लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या आत्याने गल्लीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं, आता कुणी यायचं नाय, बघायचं नाय. मला म्हणाली, "पहिलीत नवं पोर येतं ना, आईला सोडून आलेलं, त्याला 'खा' म्हटलं की ते जास्तच रडतं. मी काय करते, ताट ठेवते आणि टोपाकडं तोंड करून कालथा फिरवत बसते. सगळं जग जेवतंय, आपल्याकडं कुणाचं लक्ष नाय, असं वाटलं की मग हात जातो त्याचा. वीस वर्षं तेच करते मी आणि घरात आल्यावर इसरले बघ." त्या संध्याकाळपासून तिने नेम धरला. बिरड्यासाठी मोड आणलेल्या वालांची परात घेऊन दाराजवळ बसायचं, पलंगाकडे पाठ करून, आणि एकेक वाल सोलत राहायचं. मागे चार हातांवर भाताची ताटली. मध्येच वळून बघायचं नाही. उठायच्या आधी हळू आवाजात सांगायचं, "उठते हां मी आता." भांडी आपटायची नाहीत, कुकर लावायचा नाही. रोज इतके वाल खपणार कुठे... अर्धे काकींकडे जायचे. "आता पुरे कर गो," काकी भिंतीपलीकडून ओरडायच्या, "आमच्या घरी बिरड्याचं नाव काढलं की माणसं पळतात!"

रात्री कधीतरी ताटली थोडी कमी व्हायची, पण माणसांदेखत पाहुणी खात नव्हती. दिवस जात होते. अकराव्या दिवशी आत्याने माझी बॅग पाहिली, रिकामी. काही न विचारता तिला सगळं कळलं. "कुत्री नाय राहिली तर तू नाय जाणार, असं धरलंयस ना मनात?" मी बॅगेची चेन ओढून बंद केली. "म्हणजे सगळा भार त्या मुक्या जनावराच्या डोक्यावर ठेवलास तू. ती राहील नायतर जाईल, तुला जायचंच हाय. तू नाय गेलीस तर तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?" मला रडू आलं. मी म्हटलं, "तू एकटी राहशील." ती उठली. परात घेऊन जागेवर जाऊन बसली.

तेराव्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आत्या वाल सोलत होती. पलंगाखालून आधी तोंड आलं, मग पुढचे पाय, मग ते आखूड पाऊल टाकणारा मागचा पाय. पाहुणी पोट जमिनीला घासत ताटलीपाशी आली, आत्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली... आणि मग चपचप आवाज सुरू झाला. आत्याचे हात थांबले. क्षणभरच, मग पुन्हा चालू झाले. तिने मान वळवली नाही. आवाज थांबल्यावर दाराकडे बघतच तिने विचारलं, "खाल्लं का गो?"

"खाल्लं."

"किती?"

"सगळं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मनगटाने डोळे पुसले. जखम अजून सुकत होती. पाहुणीला पहिल्यांदा जेवताना मी पाहिलं, आत्याने नाही. दोन दिवसांनी मी पनवेलला गेले.

त्यानंतर आमची भेट फोनवरच जास्त. ती पाहुणीबद्दल बोलायची, मी अभ्यासाबद्दल. "आज उंबऱ्यापर्यंत आली... आज काकीकडं बघून शेपूट हलवलंन." मला ते ऐकून हलकं वाटायचं, आणि कधी वाटायचं, आत्या मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाही ना? एकटीचं एकटेपण लपवायला कुत्र्याच्या गोष्टी पुष्कळ होतात. दिवाळीत गेले तेव्हा घाईत होते. तिने विचारलं, "एक दिवस राहतेस?" माझं प्रॅक्टिकल होतं. "मग जा," म्हणाली. तीच शेवटची भेट. तो एक दिवस मला आता कुठून आणता येत नाही.

आत्या गेल्यावर पाहुणी पुन्हा पलंगाखाली गेली, पुन्हा जेवण बंद. बाबा म्हणाले, "उचल आणि घाल टेम्पोत, गावात गेली की खाईल." मी म्हटलं, नाही. कसं कोण जाणे, बाबांनी ऐकलं. कार्याचे दिवस संपल्यावर आम्ही दोघं तिथेच राहिलो आणि रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसलो. बाबांना असं रिकामं बसता येत नाही, ते जुनी दोरी उसवून पुन्हा वळायचे. पाचव्या दिवशी ती बाहेर आली. आता ती आमच्या गावी आहे, मिठागराच्या बांधावर बाबांच्या मागे थोडं अंतर ठेवून चालते, आई सांगते.

पण मला सांगायचं आहे ते निघायच्या दिवसाचं. खोली मालकाला परत देताना चुना मारून द्यायची, अशी बोली होती. भेटायला येणाऱ्यांसाठी मागून आणलेल्या सतरंज्या दाराशेजारच्या भिंतीला रचून ठेवलेल्या होत्या, त्या मी उचलल्या. मागे भिंतीवर एक गोल डाग होता, खोबरेलाचा, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर. त्याला लागूनच खाली दुसरा, लांबट, मळकट. मध्ये वीतभरही अंतर नव्हतं. बाबा वाकले, खालच्या डागावरून बोट फिरवलं आणि बोटाला चिकटलेला आखूड केस उजेडात धरला. तांबूस होता.

मी त्या घरातून गेले तेव्हा ही भिंत कोरी होती. तेव्हा पाहुणी चार हातांच्या आत येत नव्हती, आणि आत्या तिच्याकडे पाठ करून बसायची. म्हणजे हे सगळं नंतरचं... दोघी भिंतीला टेकून, एकमेकींना लागून, दाराबाहेर बघत. किती संध्याकाळी बसल्या असतील म्हणजे भिंतीवर एवढं उमटलं असेल? फोनवर तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले.

बाबांनी चुन्यात ब्रश बुडवला. कोपऱ्यापासून मारत मारत ते दाराकडे आले, डागांपाशी थांबले, आणि मग त्यांना वळसा घालून पलीकडे गेले.

"मालक विचारील," मी म्हटलं.

"सांगू, चुना कमी पडला," ते म्हणाले. बादली अर्धी भरलेली होती.