आईकडून आलेलं
कडुनिंबाचा पाला उकळल्याचा कडवट वास आला की मला हैदराबादच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला सारखी गळवं व्हायची. मान सुजायची, पू धरायचा, ताप भरायचा. तिच्या सासरी, सीमेवरच्या मराठी बोलणाऱ्या भैंशाला, सगळे म्हणायचे की ही लेकराला नीट धूत नाही. म्हणून ती त्याला रोज त्या पाल्याच्या पाण्यानं इतकं घासायची की तिच्या पदरालाही तोच वास लागलेला असायचा. डॉक्टर तेलुगूत बोलत होते. बहिणीला तेलुगू येत नव्हतं, म्हणून मी तिला एकेक वाक्य मराठीत सांगत होते. "मळानं नाई झालं हे, बाई. त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूपाशी पोचतात, पन त्याले मारासाठी जे एन्झाइम लागते तेच काम करत नाई. म्हनून सूज उतरत नाई." ती रडता रडता हसली. "म्हंजे माहं काई चुकलं नाई ना वं?" डॉक्टर पुढं बोलले आणि मीही सांगून टाकलं, की हा दोष आईकडून मुलात येतो. तिनं पोराच्या पाठीवरचा हात काढून घेतला. "माह्यातूनच गेलं?" यात कुणाचाच अपराध नाही, असं डॉक्टर लगेच म्हणाले. तेही मी सांगितलं, पुन्हा सांगितलं, पण ती ऐकतच नव्हती. मुलगा आता रोजच्या गोळ्यांवर शाळेत जातो. त्याला जवळ घेताना बहीण मात्र अजून क्षणभर थबकते, आणि मला वाटत राहतं, डॉक्टरांचं सगळं बोलणं मी आधी पूर्ण होऊ द्यायला हवं होतं, मगच तिला सांगायला.