बागेतल्या पाटीवर दादाचं नाव

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगायला बसले, तरी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

कोहक्यातल्या आमच्या घरासमोर एक बाग आहे. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणींनी तिथं एक सेन्सर आणि त्याला जोडलेली दिव्यांची पाटी बसवली होती. फोन जवळून गेला, की त्या फोनला दिलेलं नाव पाटीवर उजळायचं. लोक दचकायचे. मग मी समजवायची — बघा, तुमचा खिसा किती बोलतो! आणि शेवटी सांगायची, आम्ही यातलं काही साठवत नाही.

मी साठवत होते. एकटी. गंमत म्हणून — असं तेव्हा वाटायचं.

एका संध्याकाळी पाटीवर दादाचं नाव आलं. दादाला जाऊन वर्ष झालं होतं. त्याचा फोन वहिनी वापरायची. भाजीला म्हणून निघालेली वहिनी झाडाआडच्या बाकावर होती. पाटीवर दादाच्या नावाशेजारी कोणा पुरुषाचं दुसरं नाव उजळलं. घरी येऊन साठवलेलं उघडलं — ती दोन नावं रोज बरोबर यायची, बरोबर जायची.

घरात तिनं हसणं सोडलं होतं. तिथं हसत असेल का? मला बरं वाटायला हवं होतं ना? मला राग आला — दादाचा फोन घेऊन! मी आईला सांगितलं.

आईनं फोन काढून घेतला, बाहेर जाणं बंद केलं. वहिनीनं एवढंच विचारलं, "कोनं सांगतलं तुमाले?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "शोभाकाकूनं पाह्यलं."

शोभाकाकू शेजारची. दादा गेला तेव्हा वहिनीला घास भरवणारी बाई. तिचंच नाव का? तिची खिडकी बागेकडे उघडते — खरं वाटेल म्हणून. तेवढा विचार मी केला होता.

पाटीवर ते दुसरं नाव काही दिवस एकटंच उजळत राहिलं. मग तेही थांबलं.

दिवाळीत काकू करंज्या घेऊन आली. वहिनी दारातच म्हणाली, "आमच्याकडे येऊ नका तुमी."

"कावून वं? माह्यं काय चुकलं?"

वहिनीनं दार लावून घेतलं. मी मागेच उभी होते. बाहेर काकूच्या बांगड्या बराच वेळ वाजत होत्या. मी — मी स्वयंपाकघरात गेले.

उन्हाळ्यात वहिनी माहेरी गेली, ती परत आली नाही. मी आईकडे गेले की काकू आजही अंगणात थांबवते. "तुही वहिनी बरी हाये ना?"

मी हो म्हणते.