आत्याच्या गुडघ्याच्या गोळ्या

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमाराला मी उदगीरला औषधाचं दुकान टाकलं. आमच्या घराण्यात दुकानाच्या पाटीवर नाव लागलेला मी पहिलाच. त्याचा ताठा होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला आड आटला. माझी आत्या साठीची, पण वेशीपलीकडच्या विहिरीवरनं स्वतः घागरी आणायची. गुडघे सुजले तेव्हा ती दुकानात आली.

"दुखणं थांबंल असं काही तरी दे. बीपीची गोळी चालू हाय माझी, ती चालते ना संगं?"

"हाव, काही होत नाही," मी म्हणालो. पुस्तकात काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. सांधेदुखीच्या त्या गोळीनं अंगात पाणी धरतं, बीपीच्या गोळीचा गुण कमी होतो. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं आणि माहीत नाही म्हणणं, डॉक्टरला विचार म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. दोन महिने मी तिला त्या गोळ्या देत राहिलो.

मग तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. तिच्या मुलासोबत मीही तिला घेऊन लातूरला गेलो. डॉक्टरांनी दंडाला बीपीचा पट्टा बांधला, पारा चढलेला बघून पुन्हा बांधला.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. औषधाचं मीच सांगणार, असं तिनं धरलं होतं. मी म्हणालो, "नाही."

"मग मीठ जास्त खाताय तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत तिचा मुलगा तिला लोणच्यावरून बोलत राहिला. ती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याची गोळी संपली, नवी येत नाही, असं मी तिला सांगितलं. ती लंगडत पाणी आणू लागली आणि अळणी भाकरी खाऊ लागली. महिन्यात बीपी उतरलं. मुलगा सगळ्यांना सांगत सुटला, बघा, मीठ सोडल्याचा गुण.

ते ऐकवेना, तेव्हा एका दुपारी तिच्या घरी जाऊन मी खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"डॉक्टरला सांगितलास?"

"नाही."

"मग मला सांगून काय करतोस? मी काय गोळ्या लिहून देते का?"

दुसऱ्या दिवशी मी लातूरला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. गोळीचं नाव तिच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं, थोडं मीठ चालेल म्हणाले, आणि विचारलं, "बीपीच्या आणखी किती रुग्णांना दिलीत?"

तो आकडा मी कधी मोजलाच नव्हता. उदगीरला येऊन मी आठवतील त्यांची घरं शोधत फिरलो. सगळी सापडली नाहीत.