पानमळ्यातलं इंजिन

आमच्या पानमळ्यात चपला घालून कोणी जात नसे. वडील तर फाटकाशी पाय धुऊनच आत शिरत. पानवेल सोवळी, तिला विटाळ सोसत नाही, असं ते म्हणत. आत जाणारी टोपली, विळा, दोरी, सगळं आधी विहिरीच्या पाण्याने धुतलं जाई. संग्रामपूरकडे पानमळे करणाऱ्या बऱ्याच घरांची ही रीत. आमचे वडील मात्र त्यात दोन पावलं पुढे.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा त्यांनी मोटेचे बैल विकून विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवलं. त्यालाही आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं. मला हसू आलं होतं. पण पाटातून पाणी असं धावलं की मीही हात जोडले.

वैशाखात इंजिन बंद पडू लागलं. फुकफुक करायचं, पांढरा धूर ओकायचं आणि गप्प. हँडल मारून मारून माझे खांदे गेले. उन्हाळ्यात पानवेलीला सतत ओल लागते. पानं कडेने करपू लागली आणि मी नुसता बघत होतो. खामगावहून मिस्त्री आणला. त्याने टाकीच्या तळाचा नट सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल धरलं. वर तेल, खाली बोटभर स्वच्छ पाणी.

"टाकीत पानी हाय," तो म्हणाला, "तेलासंगंच येऊन राह्यलं."

टाकी रिकामी करून पुसली, नळी फुंकली, फिल्टर बदलला. इंजिन चाललं. डबा भरून आणून ओतला की पुन्हा बंद.

मग माझं डोकं फिरलं. चोर तो तेलवाला, दुसरं कोण! दुकानात जाऊन चार लोकांदेखत मी त्याचा उद्धार केला. तो भांडला नाही. त्याने ड्रममधून एक बाटली भरली आणि माझ्यापुढे ठेवली. "बस इथंच, अन् पाह्य." मी बसलो, पाहिलं. तेल निवळलं तरी खाली पाण्याचा थेंब नव्हता. तसाच परत फिरलो.

पुढचं डिझेल आणायचं म्हणून डबा घ्यायला मळ्यात गेलो, तर वडील विहिरीशी उकिडवे बसून रिकामा डबा धूत होते. आत पाणी ओतायचं, खळखळवायचं, उलटा करायचा. त्या अरुंद तोंडातून सगळं पाणी कुठलं निघतंय!

"आबा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"काऊन? डबा धुऊन राह्यलो. बाजारातून फिरून येते तो. भरून आल्यावर मंग आतून कसा धुवू?"

मी डोकं धरून खाली बसलो. रागावायचं तरी कोणावर? ते आपल्या परीने मळाच जपत होते. डिझेलात पाणी कुठून येतंय ते मी सांगितलं. त्यांनी डबा उपडा केला आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

तोवर पाण्याने इंजिनात तेल फवारणारं नोझल गंजून गेलं होतं. नवं येईपर्यंत थांबा, म्हणाला मिस्त्री. वेल थोडीच थांबते! आम्ही बापलेक घागरींनी पाणी घालत होतो. एवढ्या मळ्याला ते म्हणजे दर्यात खसखस. मला रडू यायचं आणि ते दाखवायची सोय नव्हती. वेली आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडांवरून सुटून खाली लोळू लागल्या.

शेवटी नोझल आलं. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. पाटातून पाणी धावलं आणि वाळून गेलेल्या वेलींच्या मुळाशी साचून राहिलं. इंजिनाचा आवाज ऐकून वडील घरून आले. फाटकाशी ते थांबले नाहीत, पाय धुतले नाहीत. चपला घालून तसेच आत गेले.