सुतकातलं तीर्थ

आई गेली त्या दिवशी मी देवघराचा पडदा ओढून घेतला. सुतकात देवांना हात लावायचा नसतो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. कितीतरी दिवस मी त्यांच्यापुढे एकच मागत होते, माझ्या धाकट्या भावाला जामीन मिळू दे. तो मिळत नव्हता. आता काही दिवस तरी त्यांच्याकडे पाहायला नको होतं.

भावाला कॉलेजात असल्यापासून आवाज ऐकू येतात. उपचार चालू होते, पण गोळीत विष असेल ही भीती त्याच्या मनातून जात नसे. आईने त्यावर आपला उपाय काढला होता. पूजा झाली की ती पळीने त्याच्या तळहातावर तीर्थ घालायची आणि त्या तीर्थाबरोबर गोळी द्यायची. तीर्थात विष नसतं, एवढं त्याला पटायचं. आई हॉस्पिटलात पडली आणि तो क्रम तुटला. मी दिलेली गोळी तो घेईना. मग एके दुपारी शांती नगरमध्ये त्याने एका दुकानाची काच फोडली, आतला माणूस जखमी झाला, आणि माझा भाऊ तुरुंगात गेला.

तिथेही तो गोळ्या घेत नव्हता. तुरुंगातल्या समुपदेशक बाई फोनवर सांगायच्या, "रोज बसतेय त्याच्याजवळ. जबरदस्ती नाही करणार." आई अंथरुणातून म्हणायची, "सुटायचं पुढे बघू. त्याच्या पोटात गोळी जाऊ दे, एवढंच माग." मला ते मागणं फार लहान वाटे. मी जामीनच मागत राहिले.

आई गेल्याचं त्याला सांगायला मी सुतकातच तुरुंगात मुलाखतीला गेले. औषधाविना असलेला तो हे कसं पेलेल, हीच भीती होती. रांगेत माझ्यापुढे उत्तनच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी होती, गळ्यात क्रूस. बोलता बोलता मी भावाचं नाव सांगितलं, तशी ती वळून बघतच राहिली.

"गोळी खाय न्हाय तो? तो तुजा भाव हाय? माजा पोर त्याचेच बराकीत हाय." मुलगा चांगला दाढीवाला, होडीवरच्या भांडणात आत गेलेला. समुपदेशक बाईंनी त्याला भावाच्या सोबतीला बसवलं होतं. भाऊ गेल्या आठवड्यात त्याला म्हणाला, तीर्थ असेल तर घेईन. मुलाने प्यायच्या पाण्याचा मग उचलला, स्वतःच्या देवाचं नाव घेतलं आणि भावाच्या हातावर पाणी घातलं. भावाने गोळी घेतली. तेव्हापासून रोज घेतोय.

"घरात कदी तांब्या उचलला न्हाय त्याने," म्हातारी म्हणाली, "न आता तुमचे देवाचा भट झालाय." ती हसली. मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. तिने काही न विचारता माझी पाठ चोळली.

काचेपलीकडे भाऊ बसला. त्याच्या मागे समुपदेशक बाई उभ्या होत्या. फोन कानाला लावून मी म्हटलं, "आई गेली रे." त्याने मान खाली घातली. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने ठेवू दिला. मग अगदी जुन्या, शांत आवाजात त्याने विचारलं, "म्हणजे घरात सुतक आहे. पूजा बंद असेल ना, ताई?"

"बंद आहे."

"इथे चालू आहे," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस." आणि रिकामा उजवा हात त्याने डोक्यावरून फिरवला, तीर्थ घेतल्यावर फिरवतो तसा.

सुतक फिटल्यावर मी पडदा बाजूला केला. देवांवर धूळ बसली होती. अंघोळ घालताना वाटलं, आपण यांना पडद्याआड ठेवलं तेव्हा हे इथे नव्हतेच. आईचं लहानसं मागणं पुरवायला ते दुसऱ्याच देवाचं नाव घेऊन, प्लास्टिकचा मग हातात घेऊन बसले होते. जामीन अजून झालेला नाही. मी तो मागते, नाही असं नाही. पण आता कुणाच्या हातून द्यायचं आणि कधी, ते सांगत नाही. पळीभर तीर्थ हातावर घेते, आणि उत्तनच्या त्या माउलीचा मुलगा आधी घरी जाऊ दे, एवढं म्हणून पिते.